डाव्या हाताचा टाका

गौतमीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. नळाला पाणी त्या वेळी येतं, हे एक कारण. दुसरं कारण सुतळी. पाणी भरून झालं की ती उंबऱ्यात बसून गुंडीतून दोन-दोन हात सुतळी तोडायची, मूठभर जुडी झाली की पाण्यात बुडवून पिळायची आणि फडक्यात गुंडाळायची. ओली सुतळी गोणीतून सरळ जाते आणि वाळली की गाठ आवळते. बाकीच्या बाया शेडवर आल्यावर सुतळी तोडत बसत, बोलत बसत. गौतमी आली की थेट शिवायला लागे. मजुरी गोणीवर असते. ज्याची तयारी घरून होऊन येते त्याच्या गोण्या जास्त होतात. यात हुशारीचं काही नाही, पण हे करणारी माणसं थोडी असतात.

मी शिरूरला कांद्याच्या शेडवर जन्मभर हमाली केली. आता गुडघे गेले. तरी रोज शेडवर जाऊन बसतो, कारण घरी बसणं मला जमत नाही. गौतमीइतकी नीट शिवलेली गोणी मी कधी पाठीवर घेतली नाही. त्या शिवणीनं पुढे काय केलं ते शिरूरच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितो.

आधी गोणीचं सांगतो. कांद्याच्या गोणीला हमाल लोखंडी आकडा लावत नाही. धान्याच्या पोत्याला लावला तर चालतं. कांदा फुटतो, आणि एक फुटका कांदा वाटेत सगळी गोणी नासवतो. म्हणून तोंड शिवताना दोन्ही कोपरे आवळून कान काढतात. धरायला तेवढेच. दोघांनी दोन कान धरायचे, गोणी उचलायची आणि तिसऱ्याच्या पाठीवर द्यायची. कान सुटला की गोणी पायावर येते.

गौतमी डावखुरी. बाकीच्या बाया उजवीकडून डावीकडे शिवत जातात, ती डावीकडून उजवीकडे. त्यामुळे तिच्या गोणीवरचे तिरके टाके उलट्या अंगाला कललेले दिसत. थप्पीत शंभर गोण्या असल्या तरी तिची कुठली ते आम्हा हमालांना लांबून कळायचं. ती मूळची दौंडची, तिचे वडील महेंद्र ओहोळ रेल्वेत गँगमन होते. आई वारल्यावर ती शिरूरला मावशीकडे आली आणि शेडवर कामाला लागली.

बिनय मंडल आमच्यात आला तो वीटभट्टीवरून. पावसाळ्यात भट्टी बंद झाली, बाकीचे बंगाली मजूर गावाला गेले, हा राहिला. त्याला गाव नव्हतं. अंगानं काटक. पहिल्या दिवशी त्यानं कमरेनं गोणी उचलली. मी म्हणालो, असं केलंस तर पाच वर्षांत वाकशील, मांडीनं उचल. दुसऱ्या दिवसापासून तो मांडीनं उचलायला लागला. एकदा सांगून ऐकणारा माणूस मला आवडतो.

त्याला घोड नदी दाखवली तेव्हा उन्हाळा होता. पुलाखाली वाळू आणि चार डबकी.

"आप्पा, हे नदी आहे?"

"व्हय. तिच्या नावानं अख्खं गाव हाय. घोडनदी."

"आमच्याकडे याला नदी बोलला तर नदी रागावेल."

त्याची नदी सरहद्दीवरची होती. बांगलादेशात खुलन्याकडे त्यांचं गाव. घर जाळलं म्हणून बाप त्याला घेऊन निघाला. दलालानं होडीत बसवलं. पोराला खोकला येत होता, म्हणून पलीकडचा काठ लागेपर्यंत बापानं त्याचं तोंड दाबून धरलं. अलीकडे आल्यावर रेल्वे लाइनच्या कडेला झोपडी, आणि काही वर्षांनी बाप तिथंच वारला. या माणसांना येताना कुणी विचारलं नाही, की बाबांनो, का आलात. कुणी लिहून घेतलं नाही, कुणी कागद दिला नाही. पुढे आधार कार्ड निघालं, ते वीटभट्टीच्या ठेकेदारानं काढून दिलेलं.

एकदा दुसऱ्या कुणा बाईनं शिवलेल्या गोणीचा कान सुटला आणि गोणी बिनयच्या पायावर आली. अंगठ्याचं नख गेलं. दुसऱ्या दिवशी तो स्लीपर घालून, पायाला चिंधी बांधून कामावर हजर. गौतमीचा आणि त्याचा तोवर बोलण्याचा संबंध नव्हता. पण त्या दिवसापासून ती प्रत्येक कानाला सुतळीचे दोन वेढे जादा घ्यायला लागली. वेढे घेऊन गाठ आत दाबायची, म्हणजे बोटाला रुतत नाही. प्रत्येक गोणीला वेळ लागे, आणि वेळ म्हणजे तिची मजुरी.

शेडवर कांदा निवडणारी साखरबाई जुनी. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

"का गं, गोणीच्या कानात बुगड्या घालतीस व्हय?"

"घालते मावशी. तुमच्या कानात जागा न्हाई ऱ्हायली म्हणून गोणीच्या घालते."

मालक सोपानराव वेगळ्या कारणानं आले. "गौतमी, सुतळी माझी जाती. माल जाणार बांगलादेशात. तिथं कान कोण बघतंय?"

"तिथं हमाल न्हाईत व्हय मालक?"

"असतील. त्यांची काळजी त्यांचा मालक करील."

"मग वरच्या वेढ्याची सुतळी माझी." आणि ती खरंच स्वतःची गुंडी आणायला लागली. पहाटे तोडायची ती हीच सुतळी.

पुढे दोघांचं जमलं. लग्नाचं ठरवायला मुलाकडून कुणी नव्हतं, म्हणून मी बिनयला घेऊन दौंडला गेलो. महेंद्र ओहोळ खुर्चीत ताठ बसले होते. रुळावर काम केलेला माणूस, बसतानाही मोजून बसल्यासारखा. परक्या मुलखातला जावई त्यांना नको होता, आणि तसं त्यांनी पोरीला आधीच सांगितलं होतं. चहा आला.

"गाव?" त्यांनी बिनयला विचारलं.

"शिरूर."

"त्याच्या आधीचं इचारतोय."

"खुलना."

"समाज?"

बिनय फरशीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "नमःशूद्र."

मी हा शब्द ऐकला नव्हता; बंगालातला दलित समाज, हे पुढे कळलं. महेंद्ररावांनी कप खाली ठेवला. "खुलन्याचा नमःशूद्र?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि माझ्याकडे वळले. "आप्पा, बाबासाहेबांना घटना समितीवर पयल्यांदा कुणी धाडलं, म्हाईत हाय का? इथनं न्हाई. बंगालनं धाडलं. जैसोर-खुलना. ह्याच लोकांनी जिवाचं रान केलं तवा. आमच्या विहारात दर वर्सी हे भाषणात येतं, पण त्यातला माणूस मी आज बघतोय." मग बिनयला, "तुझा आजा आसंल त्यात."

"मालूम नाही. आजोबा मासे पकडायचे."

महेंद्रराव पहिल्यांदा हसले. "खोटं बोलला न्हाई. हो म्हणला आसता तरी मी काय तपासायला जाणार होतो?"

विहारात लग्न झालं. पांढरे कपडे, त्रिशरण, दोन हार. बिनयच्या बाजूला मी एकटा उभा होतो. त्यानं माझ्या पाया पडायला वाकताना मांडी वाकवली, कंबर नाही. सवय लागली होती.

मार्केटच्या मागे एका खोलीत त्यांचा संसार होता. रविवारी दोघं घोड नदीच्या, आमच्या घोडीच्या, काठाला जाऊन बसायची. पावसाळ्यात पाणी आलं की तो तिला बोलवून दाखवायचा, जसं काही त्यानंच आणलं. काही वर्षं अशी गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. चांगल्या वर्षांत नसतंच.

मग बांगलादेशी म्हणून बंगाली बोलणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. पेपरात यायचं, आम्ही वाचून बाजूला ठेवायचो. एके दिवशी सकाळी गौतमी किराणा आणायला गेली होती. परत आली तर दार उघडं आणि गॅसवर चहा उतू गेलेला. शेजारच्या खोल्यांतूनही माणसं नेली होती. बिनयनं आधार कार्ड दाखवलं होतं. घेऊन जाणारे म्हणाले, हे काय, कुणीही काढतं.

मी तिच्याबरोबर चौकीवर गेलो. तिथं एकानं सांगितलं, इथं नाहीत, वर नेलेत.

"वर म्हंजी कुठं?" गौतमीनं विचारलं.

"वरच्या हापिसात."

"ते कुठं हाय?"

"बाई, ते आमाला सांगत न्हाईत. तुमी घरी जा."

ती घरी गेली नाही. दिवसभर बाहेरच्या कट्ट्यावर बसली. मग विचारत विचारत वरच्या हापिसातही गेलो, तर ते म्हणाले, आमच्याकडे असं नाव नाही. महेंद्रराव दौंडहून आले, पुण्याला जाऊन आले. सगळीकडे एकच उत्तर, नाव नाही. बिनयचा फोन बंद. त्यानं तिला फोन केला असता म्हणाल, तर फोन काढून घेतल्यावर नंबर कुठून आठवणार? मला माझ्या बायकोचा नंबर पाठ नाही.

तो जिवंत आहे की नाही हेच तिला कळत नव्हतं. मेल्याचं कळलं तर माणूस रडून मोकळा होतो. तिला रडायचं की वाट बघायची, हे ठरवता येईना. तिनं वाट बघायचं ठरवलं आणि कामावर आली.

सुट्टीला ती दौंडला वडिलांकडे जायची. घर रुळाच्या जवळ. महेंद्रराव मला सांगत, हावड्याची गाडी दौंडात शिरली की हिचे हात पिठात थांबतात. गाडी निघून गेली की पुन्हा मळायला लागते.  एकदा त्यांनी घटनेचं पुस्तक काढून तिच्यापुढे कलम एकवीस ठेवलं. "हे बघ. कुठल्याबी माणसाचा जीव आन् त्याचं स्वातंत्र्य कायद्याच्या रीतीबिगर काढून घेता येत न्हाई. कागदवाल्याचा न्हाई, बिनकागदवाल्याचा न्हाई."

"आण्णा, मग त्यो कुठं हाय?"



शेडवर साखरबाईनं एकदा नको ते बोलून टाकलं. "तिकडं पयली बायकू आसंल त्याची. ह्या निमतानं सुटला आसंल."

आम्हाला वाटलं आता भांडण होणार. गौतमी शिवता शिवता म्हणाली, "आसू दे मावशी. जेवायला वाढत आसंल म्हंजी झालं."

त्यानंतर साखरबाई तो विषय काढायची बंद झाली.

कानाचे दोन जादा वेढे मात्र ती घेतच राहिली. मी तिला विचारलं, "आता कुणासाठी?"

"कान धरणारा कोण ना कोण हायच की आप्पा."

त्या काळात बांगलादेशनं कांदा घेणं बंद केलं होतं. आमचा माल खाली दक्षिणेत जायचा. पुढे बांगलादेशात कांदा महागला, त्यांनी दार उघडलं आणि सोपानरावांनी गाड्या भरायला घेतल्या. पाबळ, केंदूर, कवठे येमाई, सगळीकडच्या कांदाचाळी रिकाम्या व्हायला लागल्या. केंदूरचा ज्ञानेश ट्रकवर नवा ड्रायव्हर, त्यानं बिनयला कधी पाहिलं नव्हतं. तो माल घेऊन निघाला. तिकडे अशी रीत आहे, की सरहद्दीवर रांग लावायची, नंबर आला की ड्रायव्हरला तात्पुरता पास मिळतो, आणि गाडी पलीकडच्या यार्डात नेऊन रिकामी करायची. कांद्याला पलीकडे जाता येतं, त्याच्याबरोबर ड्रायव्हरला.

ज्ञानेश परत आला तो गाडी नीट लावायच्या आधी खाली उतरला आणि माझ्याकडे आला. गौतमी पाठमोरी शिवत होती. त्यानं तिला पाहिलंच नाही.

"आप्पा, आपल्याकडं डावखुरी बाई हाय का कोण शिवायला?"

"कशाला?"

"आवं तिथल्या यार्डात मराठी शबूद न्हाई. सगळी बंगाली. मी मागच्या बाजूला हुबा होतो. हमाल गोण्या फेकत होते धडाधडा. आन् त्यातला एक वराडला, 'कान धरून उतरव, फेकू नको.' मराठीत. मला वाटलं भास झाला. बघतो तर लुंगीवाला माणूस. हातातली गोणी मांडीवर घेऊन तिच्या कानाला हात लावत बसलाय. मुकादम शिव्या देतोय, हा उठंना."

गौतमीचा हात थांबला होता. ज्ञानेशला त्याचं काही नाही.

"मला म्हणला, गाडी कुठं भरली? म्हणलं, शिरूर. म्हणला, शिवणारी डावखुरी हाय का? म्हणलं, बाबा मी डायवर हाय, मला काय म्हाईत. मग म्हणला..." ज्ञानेश जरा घुटमळला. "म्हणला, गौतमी हाय का अजून तिथं? का गेली?"

 साखरबाई हातातला कांदा तसाच धरून उभी राहिली.

गौतमी उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं विचारलं, "हाडं दिसत होती का वो?"

ज्ञानेश तिच्याकडे वळला, आणि मग त्याला कळलं. "बारीक झालाय वयनी. पण उचलतोय चांगला. मांडीनं उचलतोय."

त्यानं एका तिथल्या माणसाच्या फोनचा नंबर आणला होता. सोपानरावांनी स्वतःचा फोन लावून दिला. ते कडक माणूस आहेत, पण फोन देऊन शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले, आणि आम्हालाही हातानं खुणावून बाहेर बोलावलं. ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. फोन परत दिला आणि म्हणाली, "मालक, दोन मिन्टं झाली फक्त. कट झाला." त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा कमी गोण्या शिवल्या. कान मात्र एकही सोडला नाही.

बिनयचं काय झालं ते पुढच्या फोनांवर तुकड्या-तुकड्यानं कळलं. त्यांना एका हॉलमध्ये ठेवलं, मग गाडीत, मग विमानात घातलं. जन्मात पहिल्यांदा विमानात बसला, तो असा. सरहद्दीवर एका शेताच्या बांधावर उभं केलं आणि सांगितलं, सरळ चाला, मागे बघायचं नाही. बाया होत्या, एक म्हातारा होता, त्याला दोघांनी धरून चालवलं. पलीकडच्या शिपायांनी पकडलं. विचारलं, कुठला? हा म्हणाला, शिरूर. ते म्हणाले, हे कुठं आलं? त्यांच्याकडेही याचं नाव नव्हतं. बिगरकागद शिरला म्हणून कोठडीत टाकलं. लांबच्या एका चुलत्यानं जामीन दिला. बापाच्या गावाला गेला तर घराच्या जागी कोळंबीचं तळं. मग तो त्या यार्डात हमालीला लागला. कामं दुसरीकडेही होती. पण त्याला माहीत होतं की शिरूरचा कांदा याच दारानं येतो, आज नाही तर उद्या येईल. आल्या गाडीची नंबर प्लेट बघत बसायचा.

हे ऐकून मला वाटलं, जन्मगावी जाऊन पोहोचला तर माणसाला बरं वाटायला पाहिजे. पण फोनवर त्याचा पहिला प्रश्न असायचा, "घोडीला पाणी आलं का?" ज्ञानेशच्या पुढच्या खेपेला त्यानं शेंगदाण्याची चटणी मागवली. तिकडे मासे आहेत, भात आहे, त्याची स्वतःची भाषा आहे. आणि हा माणूस त्या भातावर आमची कोरडी चटणी घालून खात होता.

पुण्याच्या करुणाताई वकील. अशाच माणसांच्या केसेस त्या फी न घेता लढवतात. त्या दौंडला येऊन बसल्या आणि गौतमीला समजेल असं बोलल्या. "माणूस इथला की तिथला, ते कोर्ट ठरवेल. पण ठरवायच्या आधी त्याचं ऐकायला पाहिजे होतं, त्याला वकील द्यायला पाहिजे होता, तुम्हाला कळवायला पाहिजे होतं. जिथून जीव घेऊन पळाला तिथं त्याला परत लोटण्याआधी तर शंभर वेळा विचार करायला पाहिजे. आपण एवढंच मागणार, की आधी त्याला परत आणा, मग त्याचं ऐका."

"किती दिस लागतील ताई?"

"खोटं सांगू का खरं?"

"खरं."

"मला माहीत नाही."

केस उभी राहिली. तारखा पडायला लागल्या.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. सुरुवातीला ती फोनवरून आली की चेहरा उजळलेला असे. मग हळूहळू उलटं झालं. आवाज ऐकल्यावर माणूस जास्त लांब वाटायला लागतो. ती मला म्हणाली, "आप्पा, आवाज कानात ऱ्हातो आन् खोलीत कोण नसतं."

एका दुपारी तिनं ज्ञानेशला गाठलं. "मला ने तुझ्याबरूबर. क्लीनर म्हणून."

"वयनी, बाईमाणूस क्लीनर कुठं आसतंय का?"

"मग गोण्यांच्या मधी बसते. ताडपत्रीखाली."

ज्ञानेश हसायला लागला आणि तिच्याकडे बघून थांबला. "वयनी, सापडलो तर तुमी आत, मी आत, गाडी आत. माझी पोरं हायती."

संध्याकाळी तिनं हे बिनयला सांगितलं. ती शेडच्या दारातच बोलत होती आणि फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मला ऐकू आलं. बिनय कधी चढ्या आवाजात बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"असा नाही यायचा. मी चोरवाटेनं एकदा आला, बापानं तोंड दाबला. चोरवाटेनं एकदा गेला, शिपाई बोलला, मागे बघू नको. बस. तू दारानं ये. स्टॅम्प मारून ये. कुणी विचारला तर नाव सांगून ये."

"आन् त्याला किती दिस लागतील?"

"लागू दे."

 मग ती म्हणाली, "बरं. दारानं येते."

दारानं जायचं म्हणजे पासपोर्ट. त्यांच्या गल्लीत कुणाकडे नव्हता. पासपोर्टासाठी चौकशीला एक हवालदार आला, तेव्हा ओळख सांगायला तिनं मला बोलावलं होतं. तो नवा होता, जुन्या भानगडीतला नव्हता. खुर्चीत बसून त्यानं विचारलं, "बांगलादेशात कशाला जायचं?"

"नवरा हाय तिथं."

"तो तिथं कशाला गेला?"

"गेला न्हाई. तुमीच न्हेला."

मला वाटलं, झालं, बुडालं आता. हवालदार चहाच्या कपाकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "किती वर्सं ओळखता ह्यांना?" मी सांगितलं. "कामाला कशा हायेत?" असा प्रश्न चौकशीत असतो की नाही मला माहीत नाही. मी म्हणालो, शिरूरात हिच्यासारखी गोणी कुणी शिवत नाही. त्यानं सही घेतली, चहा संपवला आणि गेला. पासपोर्ट आला.

खर्चासाठी तिनं दुपारनंतरची पाळीही धरली. सकाळी शिवण, जेवण झालं की कांद्याची निवड, मग भरलेली गाडी निघेपर्यंत पुन्हा शिवण. दाभण धरून डाव्या हाताची बोटं सुजायची. ती मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायची आणि पुन्हा सुरू करायची. मी म्हणालो, आता तरी ते वेढे सोड, तेवढा वेळ वाचेल, चार गोण्या जास्त होतील. हे बोललो आणि लगेच कळलं की हे बोलणं चुकीचं होतं, कारण त्या गोण्या कुठं उतरणार ते आता आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

साखरबाईनं एकदा गौतमीसमोर सुतळीची नवी गुंडी ठेवली. "धर. तुझ्या बुगड्यांना." गौतमी घेईना, तर म्हणाली, "तुला न्हाई देत. त्याच्या बोटाला देतीया."

पुढची तारीख पडली, तिच्या पुढची पडली. करुणाताईंनी सांगितलं, तुम्ही जाऊन या, केसला त्यानं बाधा येत नाही. सोपानरावांनी आठ-पंधरा दिवसांची सुट्टी दिली. परत येशील ना, एवढं विचारलं. ती म्हणाली, "मालक, आण्णा हाय दौंडात, केस हाय पुण्यात. कुठं जाणार?"

स्टँडजवळ तिकिटांचं आणि व्हिसाचं काम करणारं दुकान आहे. ती मला बरोबर घेऊन गेली. दौंड ते हावडा रेल्वे, कोलकात्याहून खुलन्याची बस. दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटरवर सगळं काढलं.

"जायचं-यायचं दोन्ही आत्ताच काढावं लागंल ताई. परतीचं तिकीट दाखवल्याबिगर ते व्हिसाला घेत न्हाईत."

"काढा. जाताना एक. येताना दोन."

पोरानं मान वर केली. "दुसरं कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं."

"त्यांचा पासपोर्ट द्या."

"न्हाई त्यांना."

"व्हिसा? कायबी कागद?"

"कोर्टात केस चालू हाय."

पोरगा चांगला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. "ताई, केसवर सीट न्हाई टाकता येत."

गौतमी पडद्यावरच्या बसच्या चौकोनांकडे बघत होती. तिच्या सीटच्या शेजारची सीट रिकामी दिसत होती.

"ही कुणी घेतलीय का?"

"न्हाई अजून. पण घेईल कोणतरी."

"बरं," ती म्हणाली, आणि रुमालाची गाठ सोडली. वर्षभराच्या गोण्यांच्या त्या पैशातून जायचं एक तिकीट निघालं आणि यायचंही एकच.